अप्पांना उठवायचं म्हणजे

लग्नाचा बस्ता बांधायला आमच्या अप्पांच्या दुकानात गेलेल्या माणसाची कापड घेऊन झालं तरी सुटका नसायची. नवरीचा शालू, नवरदेवाचा फेटा, व्याह्यांची टॉवेल-टोपी, मानपानाच्या साड्या, सगळ्याचा गठ्ठा बांधून झाला की अप्पा गादीवरून उजवा हात पुढं करायचे आणि म्हणायचे, "हं, उठवा आता." मग त्या मंडळींतला त्यातल्या त्यात दांडगा माणूस पुढं व्हायचा, पाय रोवायचा, अप्पांचा हात धरून ओढायचा, आणि बाकीचे "हळू बे, खांदा उपटंल" असं ओरडत राहायचे. अप्पा उठायचे. म्हणजे आधी बूड उठायचं, मग कंबर, आणि बऱ्याच वेळानं अप्पा. उभे राहिले की नवरदेवाच्या डोक्यावर हात ठेवायचे आणि पुन्हा खाली बसायचे. बसायला मदत लागत नसे. हात सोडला की ते आपोआप बसत.

हे सगळं त्यांच्या गुडघ्यांमुळं होतं. पण नेकनूरच्या आसपासच्या गावांनी त्याचा विधीच करून टाकला होता. लग्नघरी बायका एकमेकींना विचारायच्या, "अप्पाला उठवला का?" एका घरानं गडबडीत न उठवताच बस्ता नेला आणि त्यांचं लग्न मोडलं. लग्न मोडलं ते मुलाची पुण्याची नोकरी खोटी निघाली म्हणून, पण त्याचा विचार कोण करतो? अप्पा मात्र ही गोष्ट प्रत्येक गिऱ्हाइकाला न चुकता सांगायचे.

मी त्यांची भाडेकरू. माजलगावहून नेकनूरच्या एका दवाखान्यात फिजिओथेरपीच्या कामाला आले आणि त्यांच्या माडीवरची खोली घेतली. खाली पुढं दुकान, मागं घर. फिजिओथेरपी म्हणजे काय हे मी गावाला समजावून सांगितलं, आणि गावानं ऐकून घेऊन मला 'व्यायामाच्या मॅडम' म्हणायला सुरुवात केली. ज्या डॉक्टरणीकडं सुई नाही, गोळी नाही, ती काय कामाची, असं लोकांच्या तोंडावर लिहिलेलं असायचं. त्यात अप्पा पहिले. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "मॅडम, तुमी इंजेक्शन देत न्हाईत, औषध देत न्हाईत, मग पगार कावून देतेत तुमाला?"

अप्पांच्या गुडघ्यावर सगळ्या जगाचे उपाय होऊन गेले होते. रुईची पानं गरम करून बांधून झाली, निरगुडीचा शेक झाला, चुंबकाचा पट्टा झाला. मोबाईलवर कुणीतरी पाठवलं म्हणून भेंडी रात्रभर भिजवून तिचं बुळबुळीत पाणी ते सकाळी उपाशीपोटी प्यायचे. नांदूरघाटचा एक माणूस तेल चोळायला यायचा. तो यायचा गुडघ्यासाठी आणि जाताना अप्पांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, हातची भाकरी खाऊन जायचा. ह्या सगळ्यात एक गोष्ट सारखी होती, अप्पांना जागचं हलावं लागत नसे.

कारण अप्पांचा एक सिद्धांत होता. देवानं गुडघ्यात वंगण घातलंय ते ठरावीक. जितकं चालाल तितकं ते खर्चाल. "शहाना मानूस दुकानातला माल दाखवतो, फुकट वाटीत बसत न्हाई," असं ते म्हणायचे. म्हणून त्यांनी चालणं जवळपास बंद केलं होतं. वरच्या फळीवरचे साड्यांचे गठ्ठे काढायला बांबूला आकडा लावून घेतला होता. त्यानं ते बसल्या जागेवरून साडी ओढायचे, आणि कधीकधी साडीऐवजी गिऱ्हाइकाची टोपी यायची. पाणी, चहा, चष्मा, सुपारी, पेपर ह्यासाठी ते नुसतं "अगं" म्हणायचे. तेवढ्यावर मागच्या घरातून काकू यायच्या. उंबरा चढून यायच्या, उतरून जायच्या. पाणी भरणं, निवडणं, भाकऱ्या, गच्चीवर वाळवण, भाडेकरणीच्या खोलीचा नळ गळतोय का ते बघणं, सगळं त्याच करायच्या. अप्पांचे गुडघे वाचवायचं काम काकूंचे गुडघे करत होते, आणि हे त्या घरात कुणाला वावगं वाटत नव्हतं.

पण बसायचंच तर माणूस खुर्चीत बसेल. अप्पा खुर्चीला हात लावत नसत. ते मांडी घालून बसायचे, ताठ, सकाळी दुकान उघडल्यापासून. त्यांच्या मुलानं पुण्याहून चांगली गुबगुबीत खुर्ची पाठवली तर तिच्यावर परकराच्या कापडाचे तागे रचून ठेवले. मी एकदा न राहवून विचारलं, "अप्पा, एवढं दुखतंय तर पाय दुमडून का बसता?"

अप्पांनी दुकानात कुणी नाही हे बघून घेतलं आणि आवाज खाली आणला. "मॅडम, तुमच्यात आडवं करून जाळतेत. आमच्यात तसं न्हाई."

ते लिंगायत. त्यांच्यात माणूस गेला की त्याला मांडी घालून बसवतात, विभूती लावतात, हातावर लिंग ठेवतात, आणि बसलेला तसाच नेऊन मातीत ठेवतात. मला हे माहीत होतं. त्याचा गुडघ्याशी संबंध मात्र अप्पांनी सांगितला. त्यांचे थोरले भाऊ दोन्ही पाय आखडून बरेच दिवस अंथरुणाला खिळले होते. ते गेले तेव्हा बसवायला घेतलं, तर गुडघे दुमडेनात. चार माणसांनी दाबले. "कट्ट करून आवाज आला मॅडम. मी तितंच हुतो. स्वामी मंत्र म्हनायलेत अन् भाऊचा गुडघा वाजायलाय. तवाच ठरवलं, आपन आपली बैठक आदीच पक्की करून ठिवायची. मला कुनी दाबलं न्हाई पायजे."

म्हणजे हा माणूस वर्षानुवर्षं गादीवर शेवटच्या बैठकीची तालीम करत होता! मला हसू आलं, पण मी हसले नाही. थट्टा करण्यासारखी ती भीती नव्हती. अप्पांना मरणाची फिकीर नव्हती. बसवताना हाल होतील, चारचौघांत गुडघा वाजेल, एवढीच होती. पण त्या भीतीपायी त्यांनी जे चालवलं होतं, ते पाहून माझ्यासारखीचं डोकं फिरल्याशिवाय कसं राहील?

मी म्हणाले, "अप्पा, बसायला जोर लागत नाही. उठायला लागतो. आणि तो जोर गुडघ्यात नसतोच, मांडीत असतो."

नेमकं तेव्हाच दोन बायका ब्लाऊज पीस घ्यायला आत आल्या. अप्पा कानापर्यंत लाल झाले. "मॅडम, पाय म्हना, पाय. बायामानसं हायत."

हा एक वेगळाच ताप होता. मी दवाखान्यात दिवसभर मांडी हा शब्द बोलायची आणि माणसं भिंतीकडं बघायची. गुडघा म्हणा, सगळे ऐकतात. गुडघ्याला इज्जत आहे. मांडी म्हटलं की पुरुष खाकरतात आणि बायका पदर नीट करतात. आता मांडीचं नावच घ्यायचं नसेल, तर माणसाला सांगायचं कसं, की बाबा, मांडीच्या पुढचा हा जो मोठा स्नायू आहे तो गुडघ्याला सावरून धरतो? मांडवाचा बांबू दोरांच्या ताणावर उभा राहतो. दोर ढिले पडले की बांबू डगमगतो, तसा मांडीतला जोर गेला की सगळा भार हाडांवर येतो. दुखतं म्हणून माणूस बसतो, बसल्यामुळं मांडी वाळते, मांडी वाळली की आणखी दुखतं. हे मी अप्पांना समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "दोर आपल्या दुकानात न्हाई मिळत. फुडं किराण्यात बगा."

मी तरी हटणार होते का? मी त्यांना साधा व्यायाम सांगितला. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघ्यानं ती खाली दाबायची, मांडी आवळायची, थोडं थांबायचं, सोडायचं. अप्पांनी दुकानातल्या टॉवेलांच्या चळतीकडं पाहिलं. "नवा टॉवेल चुरगळायचा?" म्हणाले. मी म्हणाले, घरातला जुना घ्या. तर म्हणे, "जुना टॉवेल घिऊन दुकानात बसलो तर गिऱ्हाईक काय म्हनंल?" अशा माणसाला देवानं गुडघे द्यायलाच नको होते.

शेवटी मी त्यांना बीडला फोटो काढायला नेलं. फोटो म्हणजे एक्स-रे. एसटीत चढवायला कंडक्टर आणि दोन प्रवासी लागले. काकू सोबत होत्या, कारण अप्पांची पाण्याची बाटली, गोळ्या, चादर आणि अप्पा हे सगळं त्यांच्याकडं होतं. उतरताना काकूंनी दाराचा दांडा घट्ट धरून एक पाय कसा खाली ठेवला ते मी पाहिलं आणि म्हणाले, काकू, तुमचाही फोटो काढू.

"मला काय धाड भरलीय?" काकू म्हणाल्या. पण मी ऐकलं नाही. दोघांचेही फोटो काढले. ते संध्याकाळी मिळणार होते आणि मला तिथूनच माजलगावला घरी जायचं होतं, म्हणून मी निघाले. फोटो ह्या दोघांनी घेतले आणि कुणाला न दाखवताच घरी आणले.

सुट्टी संपवून परत आले तर दुकानात हीऽ गर्दी. मला वाटलं लग्नसराई लवकर सुरू झाली. बघते तर साड्या लावायच्या आकड्याला, रस्त्याकडच्या उजेडात, एक्स-रेची काळी फिल्म टांगलेली. अप्पा बांबूनं दाखवत होते, "हे बगा. फट न्हाईच राह्यली. हाडाला हाड टेकलंय. बीडचा डॉक्टर म्हनला, अप्पा, तुमी जिते कसे?" लोक हळहळत होते. कुणी म्हणालं, एवढं सोसून मानूस दुकान चालवतो, धन्य हाय. दुकानातली वर्दळ दुप्पट झाली होती, आणि काकू त्या सगळ्यांना चहा आणून देत होत्या, उंबरा चढत, उतरत.

मी फिल्म खाली घेतली. कोपऱ्यात नाव छापलेलं होतं. ते काकूंचं होतं.

दुसरी फिल्म पाकिटात तशीच होती. ती अप्पांची. तीत गुडघ्याची झीज होती, नाही असं नाही, पण ह्या वयात निम्म्या नेकनूरची असेल तेवढीच. पाकिटात दोन फोटो निघाले, एक बरा आणि एक वाईट. वाईट कुणाचा हा प्रश्नसुद्धा त्या घरात कुणाला पडला नव्हता. दुखणं अप्पांचं, म्हणून वाईट फोटो अप्पांचा. नावाकडं कशाला बघायचं?

मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. माझा स्वभावच तसा आहे. अप्पा फिल्मकडं बघत राहिले. मग पहिलं वाक्य काय बोलावं ह्या माणसानं? "म्हंजे मला कायच न्हाई?" एवढा पडलेला चेहरा मी चांगली बातमी ऐकलेल्या माणसाचा कधी पाहिला नाही.

"आहे ना," मी म्हणाले. "झीज थोडी आहे. पण मांडी वाळून काडी झालीय तुमची."

ह्या वेळी मांडी शब्दावर कुणी खाकरलं नाही. अप्पांनी फिल्म पुन्हा उजेडात धरली. "अन् हिचं जर एवढं वाईट हाय, तर ही चालती कशी?"

"मांडीच्या जोरावर. दिवसभर उठबस करतात म्हणून त्या उभ्या आहेत."

"मग हिला दुखत कसं न्हाई?"

काकू चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "दुखायलंय की. लई दुखायलंय. पर ह्या घरात दुखायला गादी एकच हाय, अन् तिच्यावर तुमी बसलाव."

माणसं चहा न पिता निघून गेली. अप्पांनी चार दिवस बांबूला हात लावला नाही. मला वाटलं, पश्चात्ताप झाला. कसला पश्चात्ताप! ते रुसले होते. गावातलं सगळ्यांत मोठं दुखणं आपलं नाही, आपल्या बायकोचं आहे, हे त्यांना सोसत नव्हतं. माझ्याशी तर त्यांनी बोलणंच टाकलं. नळाची तक्रारसुद्धा काकूंमार्फत कळवावी लागली.

काकूंना मात्र मी व्यायाम लावून दिले. त्यांना फार शिकवावं लागलं नाही. खाली बसून निवडणं बंद करा, जड हंडा उचलू नका आणि ही खुर्ची वापरा, एवढंच जास्तीचं सांगितलं. पुण्याची ती खुर्ची तागे काढून घरात आली आणि काकू तिच्यावर बसून पाय सरळ करायच्या, सोडायच्या. अप्पा गादीवरून मान लांब करून बघायचे.

एका दुपारी त्यांना राहवलं नाही. मी काकूंजवळ बसले होते. अप्पा तिकडूनच ओरडले, "एवढं कावून करायलीस? कुस्ती खेळायचीय का?"

काकूंनी पाय सरळ धरून ठेवला होता. तो तसाच ठेवून त्या म्हणाल्या, "तुमाला बसवायचंय ते चार मानसं येऊन बसवतील. त्याची तुमाला लई काळजी. पर मी आदी गेले तर? माती द्यायला तरी उठताल का गादीवरूनच हात जोडताल?"

"तू कशी आदी जातीस? माज्यापेक्षा ल्हान हायस."

"तितं काय वयानं नंबर लागतेत का?"

अप्पा मान वळवून कापडाची घडी घालायला लागले. मग संध्याकाळी दुकान बंद करायची वेळ झाली तेव्हा त्यांनी मला हाक मारली आणि कुणी ऐकत नाही ह्याची खात्री करून म्हणाले, "मॅडम, ते टॉवेलचं कसं म्हनला हुता?" चळतीतला एक डाग पडलेला टॉवेल त्यांनी आधीच बाजूला काढून ठेवला होता.

पुढचे काही महिने मी माझ्या आयुष्यात इतकी कुरकुर ऐकलेली नाही. दुखतंय, जमत नाही, डावा पाय ऐकत नाही, मांडी थरथरते. मी म्हणायचे, थरथरू द्या, जिवंत आहे म्हणून थरथरते, वरून खाली हलका हात फिरवा, थांबेल. मग ओट्यावर बसून उठणं, मग त्याच्यापेक्षा खालच्या स्टुलावरून. धोतरावरून मी त्यांच्या मांडीचं माप घ्यायचे तेव्हा ते डोळे मिटून शिवाचं नाव घ्यायचे. मांडी भरत गेली. उन्हाळ्याच्या तोंडाला अप्पा एका हाताचा आधार घेऊन गादीवरून उठले आणि दुकानभर असे बघायला लागले की जणू त्यांनी गड सर केला. काकू म्हणाल्या, "उठलाच हाव तर तेवढा पंखा बंद करा."

पण माणूस सुधारला म्हणून व्यापारी कसा सुधारेल? लग्नसराई आली आणि अप्पांच्या लक्षात आलं, की आपण आपलं आपण उठलो तर बस्त्याचा विधीच बुडाला. एक-दोन मंडळी खरोखरच खट्टू होऊन गेली. त्यानंतर दुकानात लग्नाचं गिऱ्हाईक आलं की अप्पा कण्हायला लागायचे, उजवा हात पुढं करायचे आणि म्हणायचे, "हं, उठवा आता." पैलवान गडी घाम गाळून त्यांना ओढायचे. गिऱ्हाईक गेलं की स्वतःच उठून फळीवरचा गठ्ठा सरळ करायचे. मी जिन्यातून बघायची. आमची नजरानजर झाली की ते म्हणायचे, "धंदा हाय मॅडम. तुमी पायाचं बगा."

काकूंची मात्र पंचाईत कमी झाली नव्हती. व्यायामानं हाड परत येत नाही. त्या चालत होत्या, दुखत होतं. फरक एवढाच पडला होता, की आता त्या दुखतंय म्हणायच्या आणि अप्पा "अगं" म्हणायच्या आधी थोडं थांबायचे. कधी थांबायचे आणि स्वतःच पाणी घ्यायचे. मग दिवसभर त्या पाण्याचं कौतुक करायचे.

काकू गेल्या त्या बाजाराच्या दिवशी, भर दुपारी. खुर्चीत बसल्या होत्या, छातीत कळ आली म्हणाल्या आणि मी जिना उतरून येईपर्यंत संपलं होतं. मी नाडी धरून बसले. तेव्हा माझ्या शिक्षणाचा काडीचा उपयोग नव्हता. मला रडू आवरत नव्हतं.

अप्पा दुकानात होते. त्यांना कुणीतरी सांगितलं. ते गादीवर तसेच बसून राहिले. दुकान माणसांनी भरलं, रस्त्यापर्यंत माणसं. घरात भाऊबंद जमले, जंगम स्वामी आले. उशीर करून चालत नाही, शरीर ताठलं की बसवता येत नाही, असं कुणीतरी म्हणालं. पाट मांडला. काकूंना भिंतीशी टेकवून बसवायला घेतलं.

तिकडं अप्पांना उठवायला दोघं दांडगे जण पुढं झाले. दोघांनीही हात दिला. अप्पांनी त्यांच्याकडं पाहिलंही नाही. त्यांनी हात मांडीवर टेकवले आणि ते उठले. एका दमात उठले. गर्दी बाजूला झाली आणि ते उंबरा चढून घरात आले. ज्यांनी त्यांना वर्षानुवर्षं ओढून उठवलं होतं ती माणसं आ वासून बघत राहिली.

आत काकूंच्या पायांशी तिघं होते. उजवा पाय दुमडला होता. डावा दुमडत नव्हता. एकानं घोटा धरला होता आणि दुसरा गुडघ्यावर दोन्ही हात ठेवून भार द्यायच्या तयारीत होता.

अप्पा खाली बसले. भार देणाऱ्याचे हात त्यांनी बाजूला केले. काकूंचा गुडघा आपल्या दोन्ही तळव्यांत धरला आणि मी त्यांना शिकवलं होतं तसा मांडीवरून खाली हलका हात फिरवला. मग मान वर न करता म्हणाले,

"हळू घ्या बे. हळू. लई दुखायलेत तिचे गुडघे."